नवी चहापूड आधी कोरी चाखा

नवी चहापूड आणली की पहिला कप दूध-साखरेशिवाय करून बघा. २ ग्रॅम पूड, म्हणजे साधारण एक सपाट छोटा चमचा, १०० मिली उकळत्या पाण्यात घालून ५ मिनिटं झाकून ठेवा. गाळून जरा निवू द्या. चटका बसणाऱ्या चहात चव कळत नाही. मग आवाज करत भुरका मारा, अगदी बशीतून प्यायल्यासारखा. हवेबरोबर वास नाकापर्यंत चढतो. आसामची सीटीसी, म्हणजे दाणेदार चहापूड, लालभडक, तुरट, जीभ आवळणारी. निलगिरी डोंगरातला पानांचा चहा हलका, सुवासिक. आलं घातलेल्या दुधाच्या चहाला मला आसामच लागतो, निलगिरी त्यात हरवून जातो. दार्जिलिंग मात्र कधी उकळू नका, फार हळहळ वाटते! दोन पुड्यांचे कप शेजारी ठेवून प्यायलात तर फरक लगेच कळेल.