न्यू जर्सीतला नोव्हेंबर आणि फळांची टोपली

नवीन आलेल्यांची नोव्हेंबरातली ठरलेली तक्रार: इथली फळं बेचव. बऱ्याचदा फळाला चव असते, आपण ते भलत्या वेळी कापलेलं असतं.

पेअरचंच घ्या. झाडावर पिकू दिला तर तो आतून रवाळ होतो, म्हणून कच्चाच उतरवतात आणि दुकानात टणक मिळतो. आणल्या आणल्या फ्रिजमध्ये टाकू नका. आंब्याची अढी घालतो तसा कागदी पिशवीत, सोबत एक केळं टाकून, ओट्यावर ठेवा. रोज देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबून बघा. तिथे दबला की खायला घ्या, उरलेले आता फ्रिजमध्ये. पोट मऊ होईपर्यंत थांबलात तर आतून काळपट निघतो. बार्टलेट जातीचा पेअर पिकला की पिवळा होतो, हिरवा आंजू जातीचा मात्र हिरवाच राहतो. त्याच्या रंगाची वाट बघत बसू नका.

कोरियन-चिनी दुकानांत केशरी पर्सिमॉनचे ढीग दिसतील. चपट्या बुडाचा तो फूयू, कडक असतानाच फोडी करून खा. टोकदार तो हाचिया. तो लिबलिबीत होईपर्यंत हात लावायचा नाही. कच्चा चावलात तर टाळू असा आवळतो की पाणी पिऊनही सुटत नाही.

सफरचंदाची बागेत जाऊन तोडणी आता जवळपास संपली, पण फार्म मार्केटमध्ये भरपूर असतात. पिशवीबंद माल घेताना पिशवी उलटी करून बघा, मार लागलेली तळाशी असतात. हीटिंगच्या झरोक्याजवळ टोपली ठेवलीत तर आठवड्याभरात पिठूळ. फ्रिजमध्ये ठेवा, पण मेथी-कोथिंबिरीच्या खणात नाही. सफरचंदातून इथिलीन वायू सुटतो. त्याने पालेभाजी पिवळी पडते, गाजरं कडवट होतात. गॅरेजला हीटिंग नसेल तर डिसेंबरपर्यंत तिथे मस्त टिकतात. गोठवणारी थंडी पडली की घरात आणा.

डाळिंब कॅलिफोर्नियाचं येतं. हाताला जड लागेल ते घ्या, साल थोडी सुकलेली असली तरी चालेल. सोलापूरच्या भगव्याची गोडी त्यात शोधू नका, दाणे आंबट आणि बी टणक. दहीभातात मात्र छान लागतात.

आणि क्रॅनबेरी. ही आपल्या राज्याचीच, दक्षिणेकडच्या पाइन बॅरन्समध्ये पिकते. नुसती खाववत नाही, पण लोणच्याला जन्माला आलीय. अर्ध्या चिरून मीठ, तिखट, मोहरीची डाळ, मेथीपूड घाला, वर हिंगाची गार फोडणी. लिंबू अजिबात लागत नाही. थँक्सगिव्हिंगच्या आसपास स्वस्त असते तेव्हा चार पिशव्या जास्त आणा आणि न धुता फ्रीझरमध्ये टाका. ख्रिसमसनंतर ताजी क्वचितच दिसते.