आरव्ही ट्रिपला निघताय? मग मॅप आणि नेव्हिगेशनची तयारी आधी करा

अमेरिकेत आरव्ही, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन फिरायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास हाच येतो, की कुठलं ॲप चांगलं. पण ॲप डाउनलोड करायच्या आधी हातात मेजरिंग टेप घ्या. गाडी ताब्यात घेताना तिची उंची मोजायची, आणि ती छपरापर्यंत नाही, छपरावर जे सगळ्यात वर आलंय तिथपर्यंत, म्हणजे बहुतेक वेळा एसीचं खोकं, कधी व्हेंटचं झाकण, कधी अँटेना. कागदपत्रांत उंची लिहिलेली असते पण स्वतः मोजलेली बरी. क्लास सी, म्हणजे ज्यात ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असतो ती, साधारण १० ते १२ फुटांत असते, क्लास ए, म्हणजे बससारखी दिसणारी, त्याहून उंच. रुंदी बहुतेकींची साडेआठ फूट, आणि आरसे त्याच्या बाहेर. लांबी मोजताना मागे सायकलींचा रॅक लावणार असाल तर तोही धरा. वजनासाठी ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर बघा, फोर्ड ई-४५० वर बांधलेल्या क्लास सीला १४,५०० पौंडांपर्यंत परवानगी असते, काही छोट्या पुलांना हा आकडा लागतो.

आता हे आकडे ॲपमध्ये भरताना एक भानगड होते ती नीट बघा. इथे सगळं फूट-इंचात, आणि काही ठिकाणी एकच रकाना असतो ज्यात दशांश भरायचा असतो. १२ फूट १० इंच उंचीच्या गाडीला कुणी १२.१० टाकलं तर सॉफ्टवेअर ते १२.१ फूट समजणार, म्हणजे १२ फूट आणि जेमतेम एक इंच, म्हणजे तुमची गाडी कागदावर जवळपास नऊ इंचांनी बुटकी झाली! खरा आकडा १२.८३. भरून झाल्यावर प्रोफाइल परत उघडून वाचा. कॅनडात जाणार असाल तर तिथे पाट्या मीटरमध्ये, त्यामुळे उंची फूट-इंच आणि मीटर दोन्हीत जाड मार्करने लिहून डॅशबोर्डवर चिकटवून टाका, चालवणाऱ्याला मान न वळवता दिसली पाहिजे.

हे सगळं कशाला, गूगल मॅप आहे की, असं म्हणणारे प्रत्येक घरात असतात. गूगल उत्तम आहे पण त्याला तुमची गाडी किती उंच हे सांगायची सोयच नाही, ॲपल मॅपचंही तेच, दोघांच्या दृष्टीने तुम्ही कॅमरीसारखी साधी कार चालवताय. आणि इथे रस्ते सगळे इंटरस्टेटसारखे, म्हणजे मोठ्या महामार्गांसारखे, नसतात. नॉर्थ कॅरोलायनात डरहॅमला एक रेल्वेचा पूल आहे, ११ फूट ८ इंचांचा, त्याखाली इतके ट्रक सोलून निघाले की शेवटी २०१९ मध्ये तो उचलून १२ फूट ४ इंच केला, तरी ट्रक आपटायचे काही थांबले नाहीत, त्यातले बरेचसे भाड्याचे, आपल्यासारख्यांनी एक दिवसासाठी घेतलेले. न्यूयॉर्कच्या पार्कवेवर, म्हणजे फक्त कारसाठी बांधलेल्या रस्त्यांवर, जुने कमानीचे पूल काही ठिकाणी आठ-नऊ फुटांच्या आसपास आहेत, बॉस्टनचा स्टोरो ड्राइव्हही तसाच. भाड्याच्या इन्शुरन्समध्ये छपराचं नुकसान बऱ्याचदा धरलेलं नसतं, ते कलम सही करायच्या आधी वाचा.

मग सॉफ्टवेअरकडे वळू. इथे माझं मत स्पष्ट आहे, प्लॅनिंगचं टूल वेगळं, गाडी चालवताना बघायचं वेगळं, आणि सिग्नल गेला की वापरायचं वेगळं. तिन्हीला मिळून दोन-तीन गोष्टी पुरतात. फोनवर पंधरा ॲप टाकली तर एक ना धड भाराभर चिंध्या, आणि ऐन एक्झिटला दोन बायका दोन दिशांना वळायला सांगतात.

प्लॅनिंग मोठ्या स्क्रीनवरच करा, लॅपटॉपवर. आरव्ही लाइफचं ट्रिप विझार्ड यासाठी मला सगळ्यात पटतं, वर्षाचं सबस्क्रिप्शन असतं आणि त्यातच फोनचं नेव्हिगेशनही येतं. गाडीची मापं भरायची, रोज किती मैल झेपतील ते सांगायचं, की मॅपवर वर्तुळं दिसतात, या वर्तुळाच्या आत मुक्काम शोधा असं. कॅम्पग्राउंड, त्यांचे रिव्ह्यू, किती लांबीची गाडी मावते हे तिथेच. रोडट्रिपर्समध्ये बघण्याची ठिकाणं जास्त मजेदार सापडतात, मुलांसाठी थांबे शोधायला ते छान, पण मुख्य रूट मी त्यावर ठेवणार नाही. मुक्काम मात्र रूटच्या आधी पक्का करा. नॅशनल पार्कमधली बरीचशी कॅम्पग्राउंड रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी बुकिंग साइटवर सहा महिने आधी उघडतात आणि उन्हाळ्यातल्या तारखा बघता बघता उडतात, भारतातून आई-बाबा जूनमध्ये येणार असतील तर डिसेंबरमध्येच, त्यांचं तिकीट बुक व्हायच्या आधी कॅम्पसाइटचं बघा. मैलांच्या बाबतीत आरव्हीवाल्यांचा जुना हिशेब आहे, दिवसाला ३०० मैल, दुपारी ३ पर्यंत मुक्कामाला, आणि एका जागी ३ रात्री. आपली मंडळी आठवड्यात पाच पार्क बसवतात, त्यामुळे तीन रात्रींचं सोडून देऊ, पण पहिले दोन पाळाच. गूगल जे चार तास दाखवतं ते कारचे, आरव्हीला पाच-साडेपाच धरा, आणि कॅलिफोर्नियात मागे काही ओढत असाल तर तुमची वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे, पाटीवर ७० असलं तरी.

सॉफ्टवेअर विकत घेण्याआधी त्याची परीक्षा घ्यायची एक सोपी युक्ती सांगतो. ट्रायल चालू असतानाच त्यात गाडीची उंची १२ फूट भरा आणि युटामधल्या स्प्रिंगडेलपासून ब्राइस कॅनियनपर्यंत रस्ता मागा. स्प्रिंगडेल म्हणजे झायन पार्कच्या दाराशी, आणि तिथून ब्राइसला सरळ रस्ता जातो तो झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून. बोगदा १९३० चा, १.१ मैल लांब, आत कमान, त्यामुळे कडेला उंची कमी. वर्षानुवर्षं पद्धत अशी होती की ११ फूट ४ इंचांपेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचांपेक्षा रुंद गाडी असेल तर परमिटचे १५ डॉलर भरायचे, मग रेंजर, म्हणजे पार्कचे कर्मचारी, समोरची वाहतूक थांबवणार आणि तुम्ही मधोमध जाणार. आता पार्कने ठरवलंय की जून २०२६ पासून मोठ्या गाड्या तिथून सोडायच्याच नाहीत. रुंदीचा आकडा परत वाचा, ७ फूट १० इंच, आणि आपली गाडी साडेआठ फूट, म्हणजे भाड्याने मिळणारी जवळपास प्रत्येक क्लास सी यात अडकली. पर्यायी रस्ता म्हणजे हरिकेन गावावरून युटा ५९ हा राज्य रस्ता, मग ॲरिझोना ३८९ ने फ्रेडोनिया, तिथून कानाब आणि पुढे यूएस ८९ ने वर. बराच वळसा आहे पण रस्ता चांगला. तुमच्या ॲपने हा किंवा आय-१५ चा वळसा स्वतःहून दाखवला तर त्याला पैसे द्या, बोगद्यातून नेलं तर डिलीट.

आणि दाखवला तरी निर्धास्त राहू नका, कारण हे नियम पार्क बदलतं आणि ॲपला कळायला वेळ लागतो. प्रत्येक पार्कच्या सरकारी साइटवर गाड्यांच्या मापांच्या मर्यादेचं पान असतं, ते एकेक करून उघडायचं, कंटाळवाणं आहे पण अर्ध्या तासाचं काम. ग्लेशियर नॅशनल पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर मधल्या डोंगरी भागात २१ फुटांपेक्षा लांब किंवा आरशांसकट ८ फुटांपेक्षा रुंद गाडी चालत नाही, म्हणजे तिथे आरव्ही खाली ठेवून दुसरी सोय बघायची. साउथ डकोटात नीडल्स हायवेवरचा एक बोगदा जेमतेम आठ फूट रुंद, तिथे तर विषयच संपला. युटाची मोकी डगवे, तीन मैल कच्चा घाट, ११ टक्के चढ, २८ फुटांपेक्षा लांब किंवा १०,००० पौंडांपेक्षा जड गाडी आणू नका असं युटाचं रस्ते खातंच सांगतं. वायोमिंगमधला टीटन पास १० टक्के. आपला बोरघाट चालवलाय हो, असं कुणी म्हणेल, पण तो कारने किंवा ड्रायव्हरच्या भरवशावर, इथे मागच्या कपाटात कुकर आणि ताटल्या घेऊन तुम्हालाच ब्रेक सांभाळत उतरायचंय. म्हणून टूल निवडताना चढ-उताराची सूचना आधीच देतं का हे बघा.

पूर्वेकडच्यांसाठी, खासकरून न्यू जर्सीहून वॉशिंग्टनकडे निघणाऱ्यांसाठी, प्रोपेनची गोष्ट वेगळी सांगायला हवी. स्वयंपाकाचा गॅस गाडीत असतो, आणि बाल्टिमोरच्या दोन्ही बोगद्यांत, आय-९५ चा फोर्ट मॅकहेन्री आणि आय-८९५ चा हार्बर टनेल, १० पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी चालत नाही. आरव्हीची टाकी त्याहून मोठीच असते. पूर्वी अशा गाड्या फ्रान्सिस स्कॉट की नावाच्या पुलावरून जायच्या, तो २६ मार्च २०२४ ला जहाज धडकून पडला, त्यामुळे आता आय-६९५ ने शहराला पश्चिमेकडून वळसा. ॲपमध्ये प्रोपेनचं बटण असेल तर ते ऑन करा, बऱ्याच लोकांना ते असतं हेच माहीत नसतं. नसेल तर बाल्टिमोरच्या पश्चिमेला हाताने एक थांबा टाका म्हणजे रूट तिकडे ओढला जातो.

चालवताना फोन की वेगळा जीपीएस? स्वतःची आरव्ही असेल, वर्षातून चार वेळा निघत असाल, तर गार्मिनची आरव्ही सीरिज घ्या, डोळे झाकून. नकाशा यंत्रातच असतो त्यामुळे सिग्नलशी देणंघेणं नाही, स्क्रीन मोठा, तीव्र उतार, अवघड वळण, कमी उंचीचा पूल, सगळ्याची आधी सूचना. पण शेकडो डॉलर जातात, आणि आयुष्यात एकदा आठवडाभर भाड्याने घेणाऱ्याला ते परवडत नाही असं नाही, गरज नाही. त्याने आरव्ही लाइफ फोनवर, गाडीच्या स्क्रीनवर फोन दाखवणारं कारप्ले असेल तर त्यावर, आणि गूगल फक्त ट्रॅफिक बघायला, तेही शेजारी बसणाऱ्याच्या फोनवर. गार्मिन घेतलात तर मॅप अपडेट घरी वायफायवरच करून घ्या, फाइल अवाढव्य असते, कॅम्पग्राउंडच्या वायफायवर रात्रभर बसाल. लॅपटॉपवर आखलेला रूट जीपीएक्स फाइलने यंत्रात टाकता येतो, पण यंत्र बऱ्याचदा फक्त थांबे घेतं आणि मधला रस्ता स्वतःच्या अकलेने ठरवतं, म्हणून जिथे तुम्ही मुद्दाम वळसा घातलाय तिथे मध्ये एक-दोन पॉइंट जास्तीचे टाका आणि टाकल्यावर दोन्ही रस्ते समोरासमोर ठेवून बघा.

सिग्नलचं म्हणाल तर नेवाडा, युटा, वायोमिंगमध्ये तासन्तास काही नसतं. निघायच्या आधी गूगलचे ऑफलाइन नकाशे दोन फोनवर उतरवून ठेवा, त्यात ट्रॅफिक दिसत नाही पण आपण कुठे आहोत ते कळतं. नॅशनल पार्क सर्व्हिसचं ॲप फुकट आहे, त्यात प्रत्येक पार्कची माहिती ऑफलाइन सेव्ह होते. डेथ व्हॅलीत तर पार्कवालेच सांगतात की जीपीएसवर विसंबू नका, आणि तिथल्या उन्हात काचेपाशी लावलेला फोन तापून बंद पडला की भरवशाच्या म्हशीला टोणगा. म्हणून कागद हवाच. रँड मॅकनॅलीचा ट्रकवाल्यांचा ॲटलस मिळतो, त्यात राज्यवार कमी उंचीच्या पुलांची यादी असते, ट्रक स्टॉपवर सहज सापडतो. रस्ता बंद आहे का, बर्फ आहे का, यासाठी ५११ ही राज्यांची रस्त्यांच्या माहितीची सेवा, बहुतेक राज्यांत फोन आणि साइट दोन्ही चालतात, वायोमिंगचा आय-८० हिवाळ्यात कधी बंद होईल सांगता येत नाही.

गाया, ऑनएक्स वगैरे कच्च्या रस्त्यांची ॲप लोक कौतुकाने सुचवतात. जंगलखात्याच्या जमिनीवर मुक्काम करणाऱ्यांना ती लागतात, पण भाड्याच्या करारात कच्चा रस्ता बहुधा बंदच असतो, तेव्हा पैसे वाचवा.

निघायच्या आदल्या रात्री दुसऱ्या दिवसाचा रूट सॅटेलाइट व्ह्यूमध्ये शेवटून बघा, म्हणजे आधी कॅम्पग्राउंडचं गेट. पत्ता टाकला की नेव्हिगेशन कधीकधी मागच्या सर्व्हिस गेटला नेऊन सोडतं, आणि ३० फुटी गाडी तिथून रिव्हर्स घ्यायची म्हणजे खाली उतरून दोघांनी हातवारे करायचे आणि तिसऱ्याने ओरडायचं. बुकिंगच्या ईमेलमध्ये कुठून यायचं ते लिहिलेलं असतं, ते वाचा. मग पेट्रोल पंप, आत शिरून पुढून बाहेर पडता येतं का, पायलट आणि फ्लाइंग जेमध्ये काही ठिकाणी आरव्हीसाठी वेगळ्या लेन असतात. मोठ्या गावातून जात असाल तर शाळा सुटायची वेळ टाळा.

चालवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, कॅलिफोर्नियात फोन स्टँडवर नसेल तर दंड आहे. शेजारच्या सीटवर जो नकाशा वाचू शकतो तोच बसेल, मग तो बारा वर्षांचा भाचा का असेना, काकांचा मान मागच्या सोफ्यावर ठेवू. त्याच्याकडे थांब्यांची प्रिंट, उंचीचा आकडा आणि पुढच्या पाटीवर नजर. आणि गाडी परत दिलीत की त्याच दिवशी त्या सबस्क्रिप्शनचं ऑटो-रिन्यूअल बंद करून टाका, नाहीतर पुढच्या वर्षी कार्डावर चार्ज दिसेल आणि हे कशाचे पैसे गेले म्हणून घरभर विचारत फिराल.