मोरीतून गटाराचं पाणी येतंय? व्हॉल्व्ह घ्यायच्या आधी हे बघा

लालबाग-परळच्या बाजूला माझं प्लंबिंगचं काम आहे. मोठा पाऊस आणि भरती एकत्र आली की तळमजल्यावरून फोन सुरू होतात, "मोरीतून पाणी बॅक मारतंय, लगेच या." त्या वेळी येऊन मी तरी काय करणार? हे काम मे महिन्यातलं.

आधी बाहेरचं चेंबर, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनवरचा झाकण असलेला खड्डा बघा. त्याचं झाकण तुमच्या मोरीच्या लादीपेक्षा वर आहे की खाली? गवंड्याकडची पाण्याची लेव्हल नळी धरली की लगेच कळतं. झाकण खाली असेल तर तुंबलेलं पाणी आधी बाहेर उसळेल, घर बहुधा वाचेल. वर असेल तर ते पहिलं तुमच्या नहाणी ट्रॅपमधून, म्हणजे मोरीच्या जाळीखालच्या भोकातून येणार. आमच्याकडे रस्ते उंच होत गेले आणि जुन्या इमारतींचे तळमजले खाली राहिले, त्यामुळे बहुतेक ठिकाणी हा दुसराच प्रकार सापडतो.

अशा घराला नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लागतो. आत एक झडप असते, पाणी बाहेर जाताना उघडते, उलटं आलं की मिटते. दुकानात सहज मिळतो, पण खरी गोम तो कुठे बसवायचा यात आहे. बरेच जण सगळ्या बिल्डिंगच्या शेवटच्या चेंबरवर बसवून घेतात. मग काय होतं? बाहेरून दाब आला, झडप मिटली, बाहेरचं पाणी थांबलं. पण वर तिसऱ्या मजल्यावर वॉशिंग मशीन चालू आहे, कोणी फ्लश करतंय. ते पाणी खाली उतरतं, पुढे वाट नाही, म्हणून तळमजल्याच्या मोरीतून वर येतं. म्हणजे गटाराऐवजी शेजाऱ्यांचं पाणी घरात!

म्हणून तळमजल्याची लाइन वरच्या मजल्यांच्या उभ्या पाइपात जोडू नका. ती वेगळी काढून थेट चेंबरला न्या आणि व्हॉल्व्ह फक्त तिच्यावर बसवा. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भांडायचंच असेल तर यासाठी भांडा. व्हॉल्व्हवरचा बाण चेंबरच्या दिशेला हवा आणि वरचं झाकण उघडता आलं पाहिजे. त्यावर लादी बसवून टाकणारे मिस्त्री मी पाहिलेत. झडपेत केस आणि चिंध्या अडकतात. अडकली की ती नीट मिटत नाही, मग व्हॉल्व्ह असून नसल्यासारखा. पावसाळ्याआधी उघडून धुवायचा आणि रबर कडक झालं असेल तर बदलायचं. झडप मिटलेली असताना तुमचंही पाणी बाहेर जात नाही, तेवढा वेळ नळ आणि फ्लश बंद.

व्हॉल्व्ह बसेपर्यंत मोरीच्या मापाचा टेस्ट प्लग आणून ठेवा. नट पिळला की रबर फुगून पाइपात घट्ट बसतं. फडकी कोंबू नका. चार इंची भोकावर फूटभर पाणी चढलं तरी सुमारे अडीच किलोचा दाब येतो, फडकं उडून जातं. कमोडमध्ये दुहेरी प्लास्टिक पिशवीत बांधलेली वाळू ठेवली तर वेळ निभावते, वर वजन मात्र हवं.

साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या वेळी पावसाचे नाले समुद्रात नीट रिकामे होत नाहीत, रस्त्यावर साचलेलं पाणी मैल्याच्या चेंबरमध्ये शिरतं आणि ती लाइनही भरते. तारखा भिंतीवर लावा. त्या दिवशी जोराचा पाऊस असेल तर प्लग आधीच बसवायचा.

एवढं करूनही पाणी आलंच तर ते स्विचबोर्डजवळ पोचायच्या आत मेन स्विच बंद करा. स्विचपर्यंत जायला पाण्यातूनच चालावं लागत असेल तर हात लावू नका. मुंबईत १९१६ वर तक्रार करता येते. चोकअप काढायला कोणाला चेंबरमध्ये उतरवू नका. आतल्या गॅसने माणूस क्षणात कोसळतो आणि तसं उतरवणं कायद्यानेही गुन्हा आहे. त्या पाण्यात चालला असाल तर पाय साबणाने धुवा. लेप्टोची (असल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची) प्रतिबंधक गोळी घ्यायची का, हे डॉक्टरांना ७२ तासांच्या आत विचारा, पायाला जखम असेल तर त्याच दिवशी.