मोटारीच्या डिकीत घरी बनवलेला एलईडी दिवा जोडताना

मोटारीची बॅटरी १२ व्होल्टची म्हटली जात असली, तरी इंजिन चालू असताना अल्टरनेटरमुळे (इंजिनावर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रामुळे) वायरिंगमधील दाब १४.४ व्होल्टपर्यंत चढतो आणि म्हणूनच एलईडीचा प्रवाह मर्यादित ठेवणाऱ्या रेझिस्टरचा हिशेब याच आकड्यावर करावा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३.२ व्होल्ट लागतात. असे तीन एलईडी एकामागोमाग जोडल्यास ९.६ व्होल्ट खर्ची पडून ४.८ व्होल्ट उरतात. प्रवाह १५ मिलिअँपिअरच्या आसपास ठेवण्यासाठी ३२० ओहम हवेत, तेव्हा बाजारात सहज मिळणारा ३३० ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टर घ्यावा. अशा अनेक माळा समांतर जोडता येतात, मात्र प्रत्येक माळेला स्वतंत्र रेझिस्टर हवाच.

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची ऋण तार काढावी. डिकीच्या मूळ दिव्याच्या धन तारेवरून जोड घेतल्यास नवी तार त्या जोडाच्या अगदी लगत १ अँपिअरच्या फ्यूजमधून न्यावी, कारण तार पुढे कुठेही पत्र्याला घासून शॉर्ट झाली तरी आगीचा धोका तिथेच रोखला जातो. ही काळजी मी सर्वांत महत्त्वाची मानतो. ऋण टोक मात्र सरसकट बॉडीला जोडू नये. अनेक गाड्यांत डिकीचा स्विच ऋण बाजूस असतो आणि तिथे तसे जोडल्यास दिवा अखंड जळत राहतो. मल्टिमीटरने हे आधी तपासावे. सांधे डाग देऊन जोडावेत, त्यांवर हीट श्रिंक नळी (उष्णता दिल्यावर आवळून बसणारी प्लास्टिकची नळी) चढवावी आणि पत्र्याच्या छिद्रातून तार रबरी ग्रोमेटमधूनच (छिद्राच्या कडेवर बसणाऱ्या कड्यातूनच) ओवावी.