संध्याकाळी फवारा मारला तरी मधमाशी मरू शकते (काजू, आंबा, कलिंगडवाल्यांनी वाचा)

थंडी पडली, काजूला पालवी आलीय, कुठे कुठे मोहोर पण दिसायला लागलाय आणि लोकांचे पंप बाहेर निघालेत, म्हणून आत्ताच लिहितो, फेब्रुवारीत सांगून काय फायदा.

औषध संध्याकाळी मारायचं, मधमाश्या घरी गेल्या की, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. काजूच्या ढेकण्यावर (कोवळी पालवी शोषणारा किडा) लॅम्डा सायहॅलोथ्रिन मारतात, तसल्या वरून लागणाऱ्या औषधाला त्याचा उपयोग होतो, थोडा तरी. पण इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्झाम ही आंतरप्रवाही. झाड ती पिऊन घेतं, रसाबरोबर ती पानात, कळीत चढतात आणि फुलाच्या मधात, परागात उतरतात. मग तुम्ही सकाळी मारा नायतर रात्री बाराला मारा, नंतर उमलणाऱ्या फुलात ते असणारच थोडंफार.

सगळ्यात जास्त घोळ कलिंगडात होतो असं मला वाटतं. भात काढलं, रोपं लावली की मावा, पांढरी माशी नको म्हणून बुडात इमिडाची (इमिडाक्लोप्रिड) आळवणी, म्हणजे औषधाचं पाणी मुळाशी ओततात, वर फूल यायला अजून महिना असतो त्यामुळे कोणाला त्यात काही वाटतच नाही. अमेरिकेत कनेक्टिकटला भोपळ्याच्या वेलांवर हेच तपासलं होतं, 2012 साली ते छापून आलं, औषध मातीतून दिलेलं आणि फुलाच्या मधात साधारण 10 पीपीबी इमिडा सापडलं. म्हणजे टनभर मधात 10 मिलिग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण माशीला मारणारा डोस नॅनोग्रॅममध्ये (ग्रॅमचा अब्जावा भाग) मोजतात, आणि त्याच्या खालच्या डोसने ती जागेवर मरत नाही, घरची वाट विसरते. पेटीखाली मेलेल्या माश्या दिसत नाहीत म्हणून आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे. बरं तिला चवही कळत नाही, 2015 च्या एका प्रयोगात तर माश्या साध्या साखरपाण्यापेक्षा औषधवालंच जास्त प्यायल्या!

आणि कलिंगडाचं मादी फूल एकच दिवस उघडं असतं. त्या सकाळी सातेरी मधमाशी फिरकली नाही (आमच्याकडे सातेरी म्हटलं की आधी देवी आठवते, पण ही पेटीतली) तर फळ गळतं नायतर एका बाजूने वाकडं होतं. आमच्या चुलत्यांच्या मळ्यात एका वर्षी अशी वाकडी फळं निघाली आणि ते बियाणेवाल्याला शिव्या देत बसले. कारण काय होतं ते आता कोण सांगणार, पण माश्या नव्हत्या हे मी डोळ्यांनी बघितलेलं.

तर करायचं काय. कलिंगड, काकडी, दोडक्याला आंतरप्रवाही आळवणी नकोच, रोपं नेटखाली वाढवा, पिवळे चिकट सापळे लावा. आंब्याच्या तुडतुड्याला काही द्यायचंच झालं तर मोहोर फुटायच्या आधी, फुलं उमलल्यावर इमिडा, थायमेथोक्झामला हात लावू नका. काजूत कोवळ्या पालवीवर काळे डाग दिसतायत का ते आधी बघा, असतील तरच पालवीवर फवारा, शेजाऱ्याने मारला म्हणून आपण मारायचा नाही. मोहोर उघडल्यावर अगदीच गरज पडली तर संध्याकाळी निंबोळी अर्क. फवारायच्या आधी झाडाखालचं फुलावर आलेलं रान कापून टाका, माश्या त्यावर पण असतात. आणि एकाच टाकीत कीटकनाशक आणि हेक्झाकोनाझोलसारखं बुरशीनाशक ओतायची सवय सोडा, या गटातली बुरशीनाशकं काही कीटकनाशकांचं विष माशीसाठी वाढवतात.

डब्यावरचा विषाचा रंगीत त्रिकोण बघून फसू नका हां. थायमेथोक्झामवर निळा असतो, लोक म्हणतात सौम्य आहे. तो रंग उंदरांवरच्या चाचणीवरून ठरतो, माशीचा त्यात काही संबंध नाही. युरोपने इमिडा, थायमेथोक्झाम आणि क्लोथियानिडिनचा उघड्या शेतातला वापर 2018 मध्ये बंद केला तो मधमाश्यांसाठीच.

कुठलं औषध कुठल्या पिकाला चालतं हे दुकानदाराला विचारू नका, विभागीय कृषी कार्यालयात विचारा, नायतर जुन्या गोव्याला एल्यात आयसीएआरची (केंद्राची शेती संशोधन परिषद) संस्था आहे तिथे जा, जाताना डाग पडलेली फांदी पिशवीत घालून न्या.