जुना इंग्रजी मजकूर वाचताना या चुका टाळा

सतराव्या-अठराव्या शतकांतील इंग्रज व्यापाऱ्यांची पत्रे, प्रवासवर्णने आणि वृत्तपत्रे आता घरबसल्या वाचता येतात, त्यामुळे इतिहासाच्या अभ्यासकांपासून अनुवादकांपर्यंत अनेक मराठी वाचकांचा या जुन्या इंग्रजीशी थेट संबंध येऊ लागला आहे. तिथे अडखळण्याचे कारण शब्दसंग्रहाची उणीव हे क्वचितच असते. बहुतेक वेळा आपण शाळेत घोटलेले आजचे नियम त्या मजकुराला लावू पाहतो आणि तिथेच फसतो.

पहिली चूक नावातच होते. शेक्सपिअरच्या भाषेला सर्रास ‘ओल्ड इंग्लिश’ म्हटले जाते. अभ्यासकांच्या परिभाषेत ती संज्ञा साधारण ११५० पर्यंतच्या भाषेची आहे, आणि ती भाषा आजच्या इंग्रजाला शिकल्यावाचून वाचता येत नाही. चौदाव्या शतकातला कवी चॉसर मध्य इंग्रजीतला; शेक्सपिअर (१५६४–१६१६) तर अर्वाचीन इंग्रजीच्या आरंभकाळातला. त्याला ‘ओल्ड’ म्हणणे म्हणजे केशवसुतांची मराठी ज्ञानेश्वरांच्या काळात नेऊन बसवण्यासारखे आहे.

अक्षर ओळखण्यातली गफलत

छापील पानावर ‘बेस्ट’ऐवजी ‘बेफ्ट’ दिसले, तर तो मुद्रणदोष समजू नये. शब्दाच्या आरंभी आणि मध्ये येणाऱ्या लहान लिपीतील ‘एस’साठी १८०० च्या आसपासपर्यंत एक लांबोडका खिळा (छपाईचा अक्षरठसा) वापरला जाई. त्याची आडवी रेघ अक्षराच्या उभ्या दांड्यातून आरपार जात नाही, ‘एफ’ची जाते, खरा फरक एवढाच. शब्दाच्या शेवटी मात्र आपल्या ओळखीचा ‘एस’च येतो. संगणकाची अक्षरओळख इथे हमखास फसते, म्हणून डिजिटल ग्रंथालयात शोध घेऊन काहीच हाती लागले नाही, तर माहिती उपलब्ध नाही असा निष्कर्ष लगेच काढू नये. वसईचे ‘बसीन’ हे नाव शोधायचे असेल, तर स्पेलिंगमधल्या दोन्ही ‘एस’च्या जागी ‘एफ’ घालून पुन्हा एकदा शोधावे.

सतराव्या शतकाच्या आरंभापर्यंत ‘यू’ आणि ‘व्ही’ ही एकाच अक्षराची दोन रूपे मानली जात. शब्दाच्या सुरुवातीला ‘व्ही’ आणि मध्ये ‘यू’, मग उच्चार काहीही असो. ‘आय’ आणि ‘जे’ यांचेही नाते असेच होते.

याहून फसवे प्रकरण ‘ये’चे आहे. ‘ये ओल्ड’ अशी दुकानाची पाटी पाहून पूर्वी ‘द’ला ‘ये’ म्हणत असत, अशी समजूत पसरली आहे. इंग्रजीत ‘थ’ आणि ‘द’ या ध्वनींसाठी ‘थॉर्न’ नावाचे स्वतंत्र अक्षर होते. हस्तलिखितांत ते हळूहळू ‘वाय’सारखे दिसू लागले, आणि युरोपातून आलेल्या खिळ्यांत ते नसल्यामुळे मुद्रकांनीही ‘वाय’वर भागवले. लिहिणारा ‘वाय’ लिही, उच्चार मात्र ‘द’चाच करी. जुन्या पत्रांत ‘वाय’च्या डोक्यावर बारीक ‘ई’ किंवा ‘टी’ दिसली, तर अनुक्रमे ‘द’ आणि ‘दॅट’ असेच वाचावे. ‘तुम्ही’ या अर्थाचे खरे ‘ये’ हा निराळा शब्द आहे आणि तो संदर्भावरून ओळखू येतो.

स्पेलिंग सुधारण्याचा मोह

एकाच पत्रात एकच नाव तीन प्रकारे लिहिलेले दिसले, तर लेखक अडाणी होता असे मानू नये. शेक्सपिअरच्या ज्या सहा स्वाक्षऱ्या उपलब्ध मानल्या जातात, त्यांपैकी एकीचेही स्पेलिंग आजच्या रूढ स्पेलिंगशी तंतोतंत जुळत नाही. सॅम्युअल जॉन्सनचा कोश १७५५ साली आला आणि स्पेलिंगच्या स्थिरतेला त्याचा मोठा आधार मिळाला. नक्कल करताना मूळ रूप तसेच ठेवावे. आजचे रूप द्यायचेच असेल, तर ते चौकटी कंसात द्यावे.

मूक अक्षरांबाबत दोन उलट चुका होतात. कोणी ती सारी निरर्थक मानतो, तर कोणी ती सारी कधीकाळी उच्चारली जात असे सांगतो. सरदार या अर्थाच्या ‘नाइट’मधला ‘के’ खरोखरच उच्चारला जाई, आणि ‘जी-एच’च्या जागी खरखरीत ‘ख’सारखा ध्वनी होता. इंग्लंडमधला पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढल्यानंतर स्पेलिंग हळूहळू गोठत गेले, उच्चार मात्र पुढेही बदलत राहिले. याउलट कर्ज या अर्थाच्या ‘डेट’मधला ‘बी’ इंग्रजीत कधीच बोलला गेला नाही; शब्दाचे लॅटिन मूळ दाखवण्याच्या हौसेने विद्वानांनी तो मागाहून घातला. ‘आयलंड’मधला ‘एस’ तर शुद्ध घुसखोर आहे. तो शब्द अस्सल इंग्रजी, पण फ्रेंचमधून आलेल्या, बेट याच अर्थाच्या ‘आइल’शी त्याचे नाते आहे अशा गैरसमजातून ‘एस’ त्याला चिकटला.

‘यू’ नसलेले ‘ऑनर’ हा अमेरिकन कोशकार वेबस्टरचा शोध समजणेही चूकच. १६२३ च्या शेक्सपिअर-संग्रहात दोन्ही रूपे सापडतात. वेबस्टरने त्यांपैकी एकाचा पुरस्कार केला.

‘दाऊ’ म्हणजे आदरार्थी नव्हे

अनुवादात सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच असावी. बायबलच्या १६११ च्या भाषांतरात देवाला ‘दाऊ’ म्हटलेले आहे, म्हणून ते भारदस्त, आदरार्थी सर्वनाम मानून त्यासाठी ‘आपण’ वापरले जाते. वस्तुतः ‘दाऊ’ म्हणजे सरळ ‘तू’. बायबलमध्ये ते एका व्यक्तीला उद्देशून येते, मग ती देव असो वा चोर. आणि रोजच्या बोलण्यात ते जवळच्या किंवा खालच्या माणसासाठी होते. विठोबाला ‘तू’ म्हणणाऱ्या मराठी वाचकाला देवाच्या संदर्भातले ‘दाऊ’ समजावून सांगावे लागू नये. आदरासाठी ‘यू’ हे अनेकवचन वापरले जाई, आपल्या ‘तुम्ही’सारखे. १६०३ मध्ये दरबारी आणि दर्यावर्दी वॉल्टर रॅलेवरील राजद्रोहाच्या खटल्यात सरकारपक्षाच्या एडवर्ड कोकने त्याला भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हणून हिणवले, आणि ‘दाऊ’चे क्रियापदही करून वापरले. आपल्या ‘अरे-तुरे करणे’ला याहून नेमका प्रतिशब्द सापडणार नाही. क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोक सतराव्या शतकात लहानथोर सर्वांनाच ‘दाऊ’ म्हणू लागले, तेव्हा प्रतिष्ठितांचा संताप का झाला, हेही यावरून कळते. म्हणून जुन्या नाटकात एखादे पात्र संभाषणाच्या मध्येच ‘यू’वरून ‘दाऊ’वर येते, तेव्हा तिथे माया आहे की तिरस्कार, हे पाहूनच मराठी वाक्य रचावे.

विरामचिन्हे आणि उरलेली षष्ठी

जुन्या छपाईत स्वल्पविराम पुष्कळदा मोठ्याने वाचणाऱ्याच्या श्वासासाठी असे, वाक्यरचनेसाठी नव्हे. त्यामुळे कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्ये तो आढळला तर वाक्य तुटले असे मानू नये. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत साध्या नामांचेही पहिले अक्षर पुष्कळदा मोठे छापले जाई, म्हणून प्रत्येक मोठ्या अक्षरात विशेषनाम शोधणेही सोडावे.

‘अपॉस्ट्रॉफी’ आणि ‘एस’ हे ‘हिज’चे लघुरूप आहे, असे एकेकाळी खुद्द इंग्रजांनाच वाटत असे. ओल्ड इंग्लिशमध्ये नामांना मराठीसारख्या विभक्ती होत्या. त्यांतल्या षष्ठीच्या ‘-एस’ प्रत्ययातला ‘ई’ गळला आणि पुढे त्याच्या जागी हे चिन्ह आले. त्याचे आजचे नियम मात्र उशिरा ठरले. ‘त्याचे’ या अर्थाच्या ‘इट्स’मध्ये चिन्ह दिले की आज शिक्षक लाल रेघ मारतात, १७८७ च्या अमेरिकन राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या दहाव्या कलमात, मालाच्या तपासणीच्या कायद्यांचा उल्लेख येतो तिथे, ते चिन्हासहितच लिहिलेले आहे. नक्कल करणाऱ्याने ते तसेच ठेवावे.