डांबरी रस्ता, कच्ची वाट आणि बर्फ : तिन्हींसाठी एकच हेल्मेट कसे निवडावे

जालन्याहून सायंकाळी मोटारसायकलने छत्रपती संभाजीनगरकडे निघाले, की मावळतीचे ऊन थेट डोळ्यांत घुसते आणि हेल्मेटच्या पुढच्या छज्ज्याचा उपयोग तेव्हा नेमका कळतो. तोच छज्जा महामार्गावर ताशी ८०-९० च्या वेगात वारा धरतो, ट्रकला ओलांडताना डोके मागे ओढतो आणि तासाभरात मान भरून येते. म्हणून एकाच हेल्मेटवर तिन्ही कामे भागवायची असतील, तर छज्जा आणि काच दोन्ही सहज काढता-बसवता येणारे, ‘ड्युअल स्पोर्ट’ किंवा ‘अ‍ॅडव्हेंचर’ प्रकारचे हेल्मेट पाहावे.

त्याआधी मात्र माप. भुवयांच्या वर साधारण अडीच सेंटिमीटरवरून आणि मागे डोक्याच्या सर्वांत फुगीर भागावरून टेप फिरवावी. प्रत्येक कंपनीचे ‘मीडियम’ वेगळे असते, त्यामुळे आकडा सेंटिमीटरमध्येच लक्षात ठेवावा. दुकानात हेल्मेट पंधरा-वीस मिनिटे डोक्यावर राहू द्यावे. गाल दाबले गेले पाहिजेत, पण कपाळावर एकाच जागी ठणका लागता कामा नये. पट्टा बांधून मागची कड वर-पुढे ढकलून पाहावी. हेल्मेट निघून आले, तर ते कितीही आवडले तरी परत ठेवावे. उकाड्यात सैल बरे, या समजुतीने मी पहिले हेल्मेट एक माप मोठे घेतले होते आणि म्हैसमाळच्या घाटात प्रत्येक खड्ड्यागणिक ते भुवयांवर उतरत होते. एक हात हँडलवरून काढून हेल्मेट वर सारायचे, हे त्या वळणांवर किती धोक्याचे आहे, हे मला तिथेच समजले.

आयएसआय चिन्ह आणि त्यासोबत ‘आयएस ४१५१’ हा मानक क्रमांक पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटला हे चिन्ह देशात बंधनकारक आहे. युरोपचे ‘ईसीई २२.०६’ प्रमाणपत्रही सोबत असेल तर उत्तमच, पण ते आयएसआयची जागा घेऊ शकत नाही.

कच्च्या वाटेवर वेग कमी आणि अंगमेहनत जास्त असते, त्यामुळे श्वास जोरात चालतो. यासाठी हनुवटीचा भाग तोंडापासून पुढे काढलेला असावा आणि हवेच्या खिडक्या मोठ्या असाव्यात. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळिशीपार जातो, म्हणून आतले अस्तर काढून धुता येणे ही चैन नसून गरज आहे. उसाच्या ट्रॅक्टरमागचा फुफाटा काचेच्या फटीतूनही आत येतो. अशा वाटेवर काच काढून गॉगल लावता यावा, इतकी डोळ्यांसमोरची खिडकी रुंद हवी. आपला गॉगल, आणि चष्मा असल्यास चष्माही, दुकानात सोबत न्यावा.

बर्फातली अडचण याच्या अगदी उलट आहे. गुलमर्गसारख्या ठिकाणी स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटारगाडीवर, बसल्यावर आपलाच उच्छ्वास काचेवर वाफ धरतो आणि ती वाफ गोठते. त्यामुळे उन्हाळ्यात उपयोगी पडणाऱ्या खिडक्या पूर्ण बंद होतात का, नाकातोंडावर बसून श्वास खाली वळवणारे श्वासपटल जोडता येते का आणि मधे हवेचा थर असलेली दुहेरी काच त्याच मॉडेलला मिळते का, हे विचारावे. नियमित बर्फात जाणाऱ्यांसाठी विजेवर तापणारी काचही असते. आयुष्यात एकदा सहलीला जाणाऱ्याने तिच्यावर खर्च करण्याची गरज नाही, श्वासपटल आणि दुहेरी काच पुरेशी आहे. खिडक्यांची बटणे जाड हातमोजे घालून सरकवून पाहावीत.

शेवटी सुट्या भागांची चौकशी करावी. आपल्या धुळीत काचेवर लवकर ओरखडे पडतात आणि छज्ज्याचे स्क्रू कंपनांनी सैल होऊन हरवतात. काच आणि स्क्रू दुकानदार मागवून देणार असेल, तरच ते मॉडेल घ्यावे.